फोन तांदळाच्या डब्यात आहे

आई,

तू देवळातून यायच्या आत इंटरव्ह्यूला निघाले, नाहीतर तुझा चेहरा बघून फोन बरोबर घेतला असता. तो तांदळाच्या डब्यात आहे. विसरले नाही, मुद्दाम ठेवलाय.

एक सांगायचं राहिलंय. मागचे दोन्ही इंटरव्ह्यू झालेच नव्हते. मी गेटपर्यंत गेलेले. बाहेर बसून त्या कंपनीबद्दल लोकांनी काय काय लिहिलंय ते मोबाइलवर वाचत राहिले, आत जायचा धीरच झाला नाही आणि परत आले. तुला 'छान झाला' म्हणाले. तुझ्या दही-साखरेचा काही दोष नव्हता गं.

आज ती माझी मीच घेतली, चांगली दोन चमचे. माजिवड्याला उतरून कसं जायचं ते खालच्या साईनाथकाकांकडून कागदावर लिहून घेतलंय. चुकले तर कुणालातरी विचारेन, तोंड आहे मला.

दर दहा मिनिटांनी फोन लावू नकोस, डब्यातच वाजेल. संध्याकाळी दाराची बेल वाजली की मीच असेन. काय झालं ते चपला काढायच्या आधी सांगेन, आणि या वेळी खरं सांगेन.

समीक्षा