आबांच्या पानावरची बिडी

९ सप्टेंबर, मंगळवार
सकाळी फुप्फुसांच्या व्यायामाचे तीन चेंडूंचे यंत्र घेतले. नळीतून श्वास ओढला. दोन चेंडू चढले, तिसरा तळाशीच. डॉ. म्हणतात, इतक्या वर्षांची बिडी सुटली की फुप्फुसे स्वतःची झाडलोट करतात, म्हणून सध्या कफ अधिक. धीर धरावा, मात्र एकही झुरका नको. धीराला माझी हरकत नाही, लोकांना आहे. समोरचा किराणावाला: "साहेब, पेत होते तवा कुठं खोकलत होते तुमी? सोडली अन् बिमार पडले!" कार्यकारणाची इतकी उलटी मांडणी मी चुकलेल्या ताळेबंदातही पाहिलेली नाही.

११ सप्टें., गुरुवार
अनसिंगहून धाकट्या भावाचा, विलासचा, फोन. रविवारी पितृपक्षातली अष्टमी, वडिलांचे, आबांचे पान. "बंडल मी आणतो, भाऊ. पेटवाले तुमी." वडे, कढी, खीर आणि शेजारी पेटती बिडी, ही आमच्या घरची रीत. पेटवायची थोरल्याने. म्हटले, तू पेटव. "मी खर्रा चघळनारा मानूस. अन् थोरल्याच्याच हातची लागते." बिडीनेच आबांचा श्वास संपवला, याची आठवण करून दिली. "म्हून आता त्याइले उपाशी ठेवाचं काय?"
फोन ठेवून दिला. प्रश्न रास्त होता, राग त्याचाच अधिक.

१३ सप्टें., शनिवार
प्रयोग. बिडी उदबत्तीवर, मेणबत्तीवर, गॅसवर धरली. टोक काळे पडते, विझते. ओढल्याखेरीज धरत नाही. सौ.: "त्या चेंडूच्या नळीले लावून पाहा न!" आणि हसत सुटली. मी हसलो नाही.
(नंतर नळी तपासली. तोंड फार रुंद.)

१४ सप्टें., रविवार. अनसिंग
पान स्लॅबवर ठेवले. जिना चढून धाप लागलेली. बिडी निखाऱ्यावर धरली, विझली. दुसरी, तीही. समोरच्या कडुनिंबावर तीन कावळे, ढिम्म. खाली पंगत खोळंबलेली. विलास: "पाहा, रुसले आबा." सौ. माझ्याकडे पाहत राहिली. मग खालून आईचा आवाज: "एक झुरका घे रे बापू! तुया बापानं कधी काई मांगतलं काय तुले?"
नव्हते मागितले.
काडी ओढली, एक झुरका घेतला. बिडी धरली. ती पानाशेजारी ठेवतो न ठेवतो तोच असा खोकला उसळला की कठडा धरून खाली बसलो. डोळे पुसून पाहिले, तर झाडावर एकही कावळा नव्हता.

पान शेवटी गाईला घातले.

१५ सप्टें., सोमवार
विलासचा निवाडा: "बिडी बराबर होती, भाऊ. तुमच्या खोकल्यानं उडाले कावळे. सर्वपित्रीले पुन्हा ठेवू." म्हणजे खोकू नये म्हणून बिडी सोडावी, आणि बिडी ओढताना खोकू नये. यावर कोणाशी वाद घालावा?
उरलेले बंडल आम्ही निघताना आईने पिशवीत घातले. "अमावास्येले लागन." सौ.ने ते कपाटात टाकून कुलूप लावले. किल्ली कुठे ठेवली, मी विचारलेले नाही. तिने सांगितलेलेही नाही.
सकाळी दोनच चेंडू. डॉ.ना कळवावे किंवा नाही, ठरलेले नाही.
त्या झुरक्याची चव वाईट लागली असती तर बरे झाले असते.