काच का गोंद

४ मे, वडीगोद्री
संशोधनाच्या पेपरचा मसुदा गाईड सरांकडे गेला. तो छापून आला की प्रबंध, मग सुटका. बाबांनी हायवेवरच्या चहावाल्यालाही सांगून ठेवलंय, पोरगी दिवाळीला डॉक्टर होणार. तो गुडघे दाखवायला येईल तेव्हा कळेल, कसली डॉक्टर ते.

आईला पुन्हा समजावलं. लॅबमध्ये इतकी थंडी करतो की काचेतल्या अणूंनी गप बसायला हवं. जागा बदलायला मधलं टेकाड चढायची ताकद नाही, तरी काही जण टेकाडातून आरपार पलीकडे निघतात. त्यामुळे काच जराशी जास्त उष्णता पिते. ती मी मोजते. सावकाश बनवलेल्या काचेत हे होत नाही म्हणतात. आमच्या तशाच काचेत दिसलं. सगळा पेपर एवढ्यावर उभा.
आई : "ऊन बघ कसलं पडलंय, अन् तू थंडीचं सांगून राह्यली."

६ मे
बुद्धांच्या फोटोची काच तडकली होती. बाबांनी नवी आणून स्वतः चौकटीत चिकटवली. चारी बाजूंनी ओघळ. आई म्हणाली, "काचंपेक्षा गोंदच जास्त झाला की."
हसले. जेवताना मात्र लॅब आठवली.
आमचा काचेचा तुकडाही उष्णता मोजायच्या यंत्रावर गोंदानंच बसवतो. गोंदाची उष्णता वजा करायला आधी नुसता ठिपका लावून मोजतो. पण नंतर तुकडा निसटला, लॅबमधल्या अमोलनं पुन्हा लावला. किती गोंद घेतला? वाळलेला गोंद त्या थंडीत काचेसारखाच. त्यातही अणूंचं तेच आरपार जाणं, म्हणजे जास्तीची उष्णता गोंदाचीही असेल.

७ मे
तुकड्याचे मोबाईलमधले फोटो मोठे करून पाहिले. आधी ठिपका. नंतर कडेनं ओघळ, बाबांसारखाच.
सरांना फोन. "एवढ्याशा गोंदानं काय होतंय? आराम कर."
त्या थंडीत एवढंसंही पुरतं, हे त्यांनीच शिकवलंय. राग आला. भीती जास्त.

९ मे
सरांना लिहिलं : तेवढाच नुसता गोंद घेऊन मोजू, तोवर पेपर थांबवा. वाचल्याची खूण आली. फेलोशिप संपत आलीय. पुन्हा मोजायचं म्हणजे दिवाळी गेली. आणि गोंदच निघाला तर…

१० मे, जालना स्टेशन
लॅबला परत निघाले. ऑटोत बाबांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "म्हंजे हलून काय राह्यलं, काच का गोंद?"
"माहीत न्हाई, बाबा."
बॅग त्यांनीच चढवली. खिडकीशी येऊन म्हणाले, "मंग चहावाल्याला काय सांगू?"
तेवढ्यात सरांचा मेसेज. 'पेपर सकाळीच जर्नलला पाठवला. तुझं नाव पहिलं. अभिनंदन.'
गाडी सुटली. बाबा उत्तराची वाट बघत खिडकीबरोबर चार पावलं चालले.