अनिलच्या पाटावर

८ एप्रिल
विमान अपघाताच्या चौकशीचा अहवाल आला. टीव्हीवर दिवसभर एकच, वैमानिकाची चूक. विमान फार वेगात उतरवलं. परत वर न्यायला हवं होतं, नेलं नाही. कुणीच वाचलं नव्हतं.
तो वैमानिक म्हणजे आपल्या भास्करचा मुलगा अनिल. उधन्याच्या याच गल्लीतला. भा.ने टीव्ही बंद केला नाही, आवाज तेवढा कमी केला.

९ एप्रिल
सकाळी गच्चीवर. इथंच अनिलला शाळेच्या कविता म्हणायला लावायचो, गुरुजींनी मला लावल्या तशा. हात मागे, सूर धरून. खालून कापडाच्या लूमचा खडखडाट, वर हा चिमणा आवाज. विमान गेलं की कविता तिथंच राहायची. मान वर, तोंड उघडं. "आबा, त्यांना आपण दिसतो का?"
मी काय म्हणालो होतो बरं...

१३ एप्रिल
आखाजी जवळ आली, अक्षय्य तृतीया. वर्षात गेलेल्याची पहिली घागर भरायची, त्याच्या नावानं एकाला पितर म्हणून पाटावर बसवून जेवू घालायचं. भा. घरोघरी विचारून आला. अनिलच्या बरोबरीचे सगळे म्हणे कामावर. आखाजीला! त्यातला युवराज तर तोंडावरच, "काका, एवढ्या लोकांचे तळतळाट खाऊ का, पुरणपोळीबरोबर?"

१६ एप्रिल
भा. आला. चहा नको म्हणाला.
"तू बसशील?"
"अरे, पोराच्या जागी म्हातारा?"
"दुसरं कोण ओळखतं त्याला?"
सून स्वयंपाकघरातून, "आबा, आपल्याला याच गल्लीत राहायचंय." तिचंही खरं. हो म्हणालो नाही, नाही पण म्हणालो नाही.

१९ एप्रिल, आखाजी
गेलो. धुतलेली टोपी घालून. सून दारात आली, परत आत गेली.
घागरीवर खरबूज, बाजूला पाट. अनिलच्या आईनं, इंदूवहिनींनी, माझे पाय धुतले, कुंकू लावलं. दार मुद्दाम सताड उघडं. युवराज दोनदा समोरून गेला.
आमरस, सांजोरी. वहिनी एकदाही आबा म्हणाल्या नाहीत. "अनिल, घे अजून." घेत राहिलो.
मग समोर बसल्या. हळूच, आमच्या अहिराणीत,
"आते तरी सांग रे बेटा. काय झायं तठे वर?"
घास तोंडातच. भा. इतका वेळ भिंतीकडे बघत होता, त्यानंही मान वळवली.