चकमध्ये राहिलेली चावी

सर, तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली. तुमच्या हाताखाली डिप्लोमा केलेला, वर्कशॉपमध्ये रोज कुणाशी तरी भांडणारा पेठ वडगावचा पोरगा मी. आता उद्यमनगरातल्या कारखान्यात लेथ मशीन चालवतो. इंजिनिअरिंगची पीएचडी पाचव्या वर्षी सोडली. आई अजून पावण्यांना सांगते, "सुट्टीवर आलाय." पण मी बरा आहे. जेवण जातं, झोप लागते, संध्याकाळी हाताला तेलाचा वास येतो आणि तो आवडतो.

तो दिवस आठवतोय. मी भांडून आलोय, कान तापलेत. कातायचा लोखंडी तुकडा पकडणारा चक आवळलाय, आवळायची चावी तशीच त्यात ठेवलीय आणि हात स्विचकडं चाललाय. तुम्ही मागून मनगट धरलंत. "चावी कुठं हाय रं?" मी चककडं बघितलं. "मशीन फिरलं असतं तर कपाळात बसली असती. डोकं ठिकाणावर न्हाय न्हवं? मग चावी खिशात घाल आन् चहाला चल." वर दिवसभर ती सुतळीनं माझ्या गळ्यात बांधलीत. पोरी हसल्या. डिप्लोमा संपला तेव्हा तीच चावी मला देऊन टाकलीत, सुतळीसकट.

पीएचडीत रागाचं काही नव्हतं, सर. राग आला असता तर बरं झालं असतं. अंघोळीलासुद्धा उठवत नव्हतं. छापायला पाठवलेला पेपर तिसऱ्यांदा परत आला तेव्हा गाईड सगळ्यांसमोर म्हणाले, "सगळ्यांचंच असं होतं. नाटकं नकोत." लॅबमध्ये शेजारच्या टेबलावर ती बसायची, माझ्यासारखीच पीएचडी करणारी. तिला हसवायला मी तुमच्या चावीची गोष्ट दहा वेळा सांगितली असेल. एका दुपारी लेथवर चाचणीचे नमुने कातायला उभा राहिलो आणि चावी चकमध्येच राहिली. पण वेळेत दिसली. मशीन चालू केलंच नाही. स्टुलावर बसून रडलो. दुसऱ्या दिवशी मानसोपचाराच्या डॉक्टरांकडं गेलो. गोळ्या सुरू झाल्या, महिन्याभरात कॉलेज सुटलं. सगळ्यांना सांगत आलोय, सरांची शिकवण, म्हणून चावी दिसली.

काल तिचा फोन आला. थीसिस द्यायचाय, झोप नाही, म्हणाली. मी काळजी केली तर म्हणते, "सगळ्यांचंच असं होतं की." आवाज सपाट. तो आवाज मी ओळखतो.

म्हणून तुमच्याजवळ खरं बोलतो. चावी मला दिसली नव्हती. तिनं माझं मनगट धरलं होतं. "चावी कुठं हाय रं," तुमचीच नक्कल, पण हसत नव्हती.

हे पत्र कुठं टाकायचं? ड्रॉवरमध्येच राहील. चावी मात्र सुतळीसकट उद्या तिच्या लॅबवर नेतोय. नुसतं चहाला चल म्हणायचंय, मग डॉक्टरांकडं, आणखी काही नाही, असं स्वतःला सांगतोय. शर्ट तेवढा इस्त्रीला टाकलाय.