घरासमोरच्या चढावर ऑइल फुल्ल

२८ सप्टेंबर, सोमवार. सकाळी ६.३०
आजपासून गाडीची वही. रोक्सानाचं लग्न १७ ऑक्टोबरला, डोंगरमाथ्यावरच्या एल आल्तोच्या चर्चमध्ये. मुलीला तिचा बाप स्वतःच्या गाडीतून, स्वतः चालवत नेणार, हे काल जेवताना जाहीर केलं. होणारे व्याही इलारिओन मिनीबस चालवतात. त्यांनी फुगे लावून मिनीबस देऊ केली होती. मी नम्रपणे नको म्हटलं. एकतीस वर्षं ला पासच्या बाजारातले तराजू तपासलेला इन्स्पेक्टर मुलीला मिनीबसमधून पाठवत नसतो.
संकल्प: रोज सकाळी इंजिन थंड असताना ऑइल बघायचं. इंजिनातली मापाची पट्टी काढायची, पुसायची, घालायची, परत काढायची. आज: फुल्ल.

३० सप्टेंबर, बुधवार
फुल्ल. गाडी नेहमीच्या जागी, घरासमोर, तोंड चढाकडे, मागच्या चाकांना दगड. आमची गल्ली इतकी उभी आहे की हातातून बटाटा सुटला तर थेट खालच्या बेकरीत सापडतो.

१ ऑक्टोबर, गुरुवार
फुल्ल. बाकी लोक ऑइल बघतच नाहीत आणि मग इंजिन बसलं म्हणून रडतात. कीव येते.

३ ऑक्टोबर, शनिवार
बासिलियाला घेऊन बाजारात. गाडी जपानची, इथे आल्यावर स्टिअरिंग उजवीकडून डावीकडे बसवलं, पण काटे आणि दिवे उजवीकडेच राहिले. त्यामुळे ते बायकोसमोर येतात. उतारावरून सपाटीवर आल्यावर बासिलिया म्हणाली की अहो, इथे लाल किटली पेटलीय, तोटीतून थेंब पडतोय. मी सांगितलं की तो हीटरचा दिवा असेल. तिने विचारलं, मग पाय का गारठलेत. बायकांना गाडीतलं सगळं समजावणं शक्य नसतं.

४ ऑक्टोबर, रविवार
इलारिओन जेवायला आले. गाडीमागे निळा धूर बघून म्हणाले की साहेब, ही ऑइल पितेय, पिस्टनच्या रिंगा गेल्यात. मी म्हटलं, इतक्या उंचीवर हवाच विरळ, धूर सगळ्यांचाच दिसतो. त्यांना वही दाखवली. सलग नोंदी, सगळ्या फुल्ल. त्यांनी दोनदा पानं उलटली आणि विचारलं की हे बघता कुठे. इथेच, दारात, असं मी सांगितलं. मग ते म्हणाले, "साहेब, चढावर ऑइल एका बाजूला गोळा होतं. सपाटीवर नेऊन बघा एकदा."
गाडीखालचा काळा डागही त्यांनी दाखवला. तो आधीपासून रस्त्याचाच असणार.

६ ऑक्टोबर, मंगळवार
मन मोठं करून गाडी फुटबॉल मैदानाशेजारी नेली. अर्धा तास थांबलो, पट्टी काढली. कोरडी. टोकाला एक थेंब. घरी आणून पुन्हा बघितलं तर फुल्ल. म्हणजे मैदानाच्या जागेतच काहीतरी दोष आहे. मापनाचं पहिलं तत्त्व: माप नेहमी एकाच जागी घ्यायचं. तराजू आज इथे, उद्या तिथे ठेवला तर व्यापारी हसतील. मैदानावरची नोंद रद्द.

९ ऑक्टोबर, शुक्रवार
फुल्ल. रोक्सानाने विचारलं की पपा, सपाटीवर बघितलंत का. बघितलं म्हणालो. खोटं नाही. मग काय दिसलं, असं तिने विचारलं नाही, म्हणून मीही सांगितलं नाही.

११ ऑक्टोबर, रविवार
किटली आता चढावरही पेटलेली असते. बासिलियाच्या डोळ्यांत तो प्रकाश जातो, सारखी कुरकुर. उपाय केला. कोपाकबानाच्या देवमातेचं छोटं चित्र आणलं आणि बरोबर त्या दिव्यावर चिकटवलं. गाडीला शोभा आली, कुरकुरही बंद.

१३ ऑक्टोबर, मंगळवार
इंजिनातून टकटक. वापराने इंजिन मोकळं होत असावं. ऑइलचा डबा घ्यायला निघालो होतो, पण पट्टी फुल्ल असताना वरून ओतणं म्हणजे जास्तीचं झालं, आणि जास्त ऑइलही इंजिनाला वाईट. परत आलो.
रोक्साना फोनवर कुणाशी तरी हळू आवाजात बोलत होती. मी गेल्यावर थांबली. लग्नाची मुलगी, चालायचंच.

१६ ऑक्टोबर, शुक्रवार. रात्री
गाडी धुतली. फिती लावल्या, आरशाला पांढरी फुलं. कोट इस्त्री केला. उद्या निघायचं ९.३०, पोचायचं १०.१५. रोक्साना पुढे माझ्या शेजारी बसणार. इलारिओन चर्चच्या दारात उभे असतील आणि मी गाडीतून उतरून तिच्यासाठी दार उघडीन. झोप येत नाहीये. लहानपणी तिला शाळेत खांद्यावरून न्यायचो, तेव्हा गाडी नव्हती.

१७ ऑक्टोबर, शनिवार. सकाळी ६.३०
फुल्ल.

त्याच दिवशी, रात्री
जे घडलं ते क्रमाने लिहितो. ९.३० ला निघालो. रोक्साना शेजारी, बासिलिया मागे केक घेऊन. एल आल्तोच्या मोठ्या चढाला रोक्साना म्हणाली की पपा, मातेच्या मागून लाल प्रकाश येतोय. मी म्हटलं, शुभ आहे. टकटक वाढली. मी रेडिओ मोठा केला. चढाच्या मध्यावर इंजिनाने एकदा जोरात धाड केलं आणि बसलं. नंतर किल्ली फिरवून काही होईना.
मागून हॉर्नच हॉर्न. मी बॉनेट उघडलं, पट्टी काढली. रस्ता तिथेही चढाचाच, तरी पट्टी कोरडी. पाच मिनिटं ती हातात धरून उभा राहिलो. दुसरं काय करावं ते सुचेना.
तेवढ्यात मागे एक मिनीबस येऊन थांबली. फुगे लावलेली. इलारिओनच्याच मार्गावर मिनीबस चालवणारा एक ड्रायव्हर खाली उतरला आणि काही न विचारता केक उचलून आत ठेवू लागला. मी बासिलियाला सांगितलं की तुम्ही जा, मी गाडीपाशी थांबतो. रोक्सानाने माझ्या हातातली पट्टी काढून घेतली.
"पपा, गाडी कोण चोरून नेतंय? चला, बसा."
मिनीबसमध्ये मी तिच्या शेजारी बसलो. चालवायचं नव्हतं, त्यामुळे सबंध वाट तिचा हात धरता आला. चर्चच्या दारात इलारिओननी मला मिठी मारली आणि गाडीचं नावही काढलं नाही. मला रडू आलं. लोकांना वाटलं, मुलीसाठी.

१८ ऑक्टोबर, रविवार
मेकॅनिक येऊन गेला. इंजिन संपलं. खालून कपभर ऑइल निघालं.
कालचा मिनीबसवाला ड्रायव्हर गाडी ओढून द्यायला आला होता. त्याला विचारलं की तू नेमका तिथे कसा पोचलास. तो म्हणाला, रोक्सानाने मंगळवारीच फोन केला होता. सांगितलं होतं की घरापासून मागे राहा, दोन वळणं सोडून, पण पपांना दिसू नका.
म्हणजे घरात माझ्यावर कुणाचाच विश्वास नव्हता. नाही, हे खोडतो. विश्वास होता, गाडी बंद पडणार यावर सगळ्यांचा पूर्ण विश्वास होता.
आणि हे माहीत असून ती पांढरा झगा सावरत माझ्याच गाडीत बसली.