सहाव्या पुस्तकातून गाळलेले नाव

मी, प्लासिड इनास लोपीस, वय ७८, निवृत्त विज्ञान शिक्षक, राहणार नंदाखाल, तालुका वसई, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाखाली न येता, पूर्ण शुद्धीवर राहून लिहीत आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. राग आला म्हणजे बुद्धी फिरली असे माझा मुलगा एरॉल समजतो, म्हणून जोडला आहे.

१. राहते घर आणि केळीची वाडी एरॉलला. वाडीतली विहीर बुजवू नये. "पोरांच्या चित्रांच्या पुस्तकांवरून एवढं काय चिडायचं, पप्पा?" असे त्याने मला विचारले होते. उत्तर कलम ३ मध्ये आहे. त्याने ते बसून वाचावे.

२. रंग, कुंचले आणि चित्रे काढायचे टेबल मुलगी टिफनीला. विज्ञानाच्या इतिहासावर मुलांसाठी मी लिहिलेल्या आणि रंगवलेल्या सातही पुस्तकांचे हक्क तिलाच. प्रकाशकांशी झालेला करार मार्चमध्ये संपला. त्यांना पुन्हा एक पानही छापायला देऊ नये. माझ्या शोकसभेत त्यांनी बोलायला उभे राहू नये.

३. भरती-ओहोटीचे कोडे माणसाने कसे सोडवले, यावर सहावे पुस्तक आहे. त्यात मी अष्टमीचा अर्धा चंद्र आणि धक्क्यावर चढलेले पाणी काढले. आमच्या दारी मासळी घेऊन येणाऱ्या अर्नाळ्याच्या भागूबाई वैती यांनी ते पाहिले आणि टोपली खाली ठेवली.

"मास्तर, आठमीला कंदी उधान येतं? आठमीला भांग. पानी चढतच नाय."

भांग म्हणजे उधाणाच्या उलट, सर्वांत कमी चढणारी भरती. छत्तीस वर्षे मी भरती शिकवली, तीही समुद्रापासून सायकलच्या अंतरावर राहून. लाज वाटली. त्यांच्याकडून समजून घेऊन चित्र नव्याने काढले. कोळ्यांनी तिथीवरून पाणी कसे ओळखले, तेही त्यांच्या नावानिशी लिहिले.

प्रकाशकांनी चित्र घेतले आणि नाव गाळले. "सर, विज्ञानाच्या इतिहासात मासेवाली कुठे घालता?" असे वर मलाच विचारले. प्रकाशन समारंभात भागूबाई पहिल्या रांगेत होत्या. साक्षरता वर्गात नुकत्याच वाचायला शिकलेल्या. एकेका ओळीवर बोट ठेवून आपले नाव शोधत होत्या. मी व्यासपीठावर गळ्यात हार घालून बसलो होतो आणि गप्प राहिलो. प्रकाशकांवरचा राग इथे लिहिला. स्वतःवरचा लिहायला हा कागद पुरणार नाही.

४. टिफनीने सहावे पुस्तक त्या नावासह छापावे. नाव गाळल्यास तिचे हक्क गावच्या वाचनालयाकडे जातील. मुलगी असली तरी सवलत नाही.

५. त्या पानाचे मूळ चित्र भागूबाईंना द्यायचे होते. साक्षीलाही त्याच हव्या होत्या. वकील म्हणाले, साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देता येत नाही, एक काय ते ठरवा. मी भागूबाईंना दोन्ही समजावून सांगितले.

"चितर ऱ्हाऊंदे, मी सई करते," त्या म्हणाल्या. "या कागदातून माजं नाव कोन काढल?"

चित्र टिफनीकडे राहील.

ठिकाण: नंदाखाल
दिनांक: २२ जून २०२५

लिहून ठेवणार: प्लासिड इनास लोपीस (सही)

यांनी आमच्यादेखत सही केली, आम्ही त्यांच्यादेखत केली:

१. डॉ. जॉयल परेरा (सही)
२. भागूबाई धर्मा वैती (सही. वकिलांनी शाईचे पॅड पुढे केले होते, ते परत केले.)