खिडकीजवळची फरशी

४ फेब्रुवारी
बैठकीची नवी फरशी बसली. देवाची कृपा. ह्यांनी आणलेला फरशीवाला छापील कोटेशन घेऊन आला होता, त्याला मी वाटेला लावलं. मी निवडलेल्यानं थापी उचलण्याआधी आमच्या देवापुढे डोळे मिटून हात जोडले. असा माणूस फसवेल? माळ्यावरची जुनी सिमेंटची गोणीसुद्धा त्यानं निमूट वापरली. ह्यांचा माणूस म्हणे, गोणीत दगड झालेत. नखरे नुसते.

७ फेब्रुवारी
पिशवीतून लिंबू पडलं ते घरंगळत थेट खिडकीच्या कोपऱ्यात. उचलायला गेले तर पायाखाली टक्. दुसरं लिंबू मुद्दाम सोडलं. तेही तिकडेच.

८ फेब्रुवारी
हे म्हणाले, फरशी पोकळ आहे आणि उतारही चुकलाय, बोलाव तुझ्या संतमहाराजांना. मी म्हटलं, फरशीला काही झालेलं नाही, त्या सासूबाई आहेत. गेल्या वर्षी जाईपर्यंत त्या त्याच कोपऱ्यात खुर्ची टाकून बसायच्या आणि काही हवं असलं की काठी आपटायच्या. ह्यांचं तोंड बंद करायला बोलले खरं, पण बोलल्यावर माझ्याच अंगावर काटा आला.

११ फेब्रुवारी
फरशीवाला आला. लिंबू सोडून पाहिलं, डोकं खाजवलं. मी सासूबाईंचं सांगितलं तसा त्याचा चेहरा उजळला, मग लगेच गंभीर झाला. कोपऱ्याला हात जोडून म्हणाला, काकू, मला काम करतानाच जाणवलं होतं, इथे माणसाचा इलाज नाही. बघा! आणि हे त्याच्यावर संशय घेतात.

१४ फेब्रुवारी, भर दुपारी
मी स्वयंपाकघरात. मामंजी पेपर घेऊन दिवाणावर. कोपऱ्यात कोणीही नाही. टक्.
माझ्या तोंडून आपोआप गेलं, आले हो आले, दोनच हात आहेत मला. मग हातातली बशी हातातच राहिली.

१५ फेब्रुवारी
ठरलं. त्या कोपऱ्यात पाऊल टाकायचं नाही. नामस्मरण वाढवायचं.

१६ फेब्रुवारी
चहा घेऊन कोपऱ्यात बसले. फक्त त्यांना शांत करण्यापुरतं. त्यांचाही कप ठेवला. वाया जायला नको म्हणून नंतर मीच प्यायले. मुलीला नोकरी लागल्याचं सांगितलं. टक्. बरं वाटलं त्यांना.

२४ फेब्रुवारी
पाच मिनिटांच्या वर बसायचं नाही असा नियम केलाय. आज दिवेलागण झाली तरी बसलेच होते. माझे गुडघे, ह्यांचं घोरणं, सगळं बोलून झालं. एवढं ऐकून घेणारं माणूस घरातच होतं, आणि
जाऊ दे. मामंजी पेपराआडून बघत होते. पेपर उलटा होता.

३ मार्च
उद्या ह्यांचा माणूस फरशी उखडणार. मी कडाडून विरोध केला. उधळपट्टी आहे ही! हे म्हणाले, तुला फक्त तुझी चूक झाकायचीय. छे, काहीतरीच. शेवटी मामंजींना गाठलं. म्हटलं, त्यांची जागा आहे ती, तुम्ही तरी थांबवा. ते नुसतं बघू म्हणाले.

५ मार्च
फरशी काल निघाली. खाली माझ्या गोणीतले सिमेंटचे खडे आणि मधे मूठ जाईल एवढी पोकळी. बाकी काही नाही. आज नवी बसली. संध्याकाळी पाय आपटून पाहिला. आवाज नाही. लिंबू ठेवलं. जागचं हललं नाही.
सवयीनं दोन कप घेऊन गेले होते. मामंजी म्हणाले, सूनबाई, फरशी पोकळ आहे हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. मी विचारलं, मग बोलला का नाहीत? म्हणाले, ती होती तेव्हा तू चहा ठेवून जायचीस. बसली कधी नाहीस. आता बसतेयस, तर बसू दे म्हटलं.
मी म्हटलं, भाजी निवडायची राहिलीये, आणि आत आले.
भाजी सकाळीच निवडून झाली होती.